पुस्तकांतले दोरे

आमच्या लायब्ररीतून घरी गेलेलं पुस्तक परत आलं की मी आधी ते उलटं धरून झटकायची. टेबलावर तंबाखूची भुकटी पडायची, कधी विडीच्या पानाचा कात्रीनं कापलेला तुकडा आणि हमखास एखादा दोरा, विडीला बांधतात तो बारीक. माझा पारा चढायचा. "हे पुस्तक आहे की सूप?" असं मी समोरच्या बाईला विचारायची आणि ती जराही न ओशाळता सांगायची, "दोन्ही मांडीवरच असतंय न्हवं बाई, होतंय कवातरी."

गाव निपाणीपासून फार लांब नाही. हायवे सोडून आत वळलं की तंबाखूची रानं, मग शाळा, मग पंचायत, आणि पंचायतीच्या पाठीमागे एक लांबट खोली. तीच आमची लायब्ररी. दोन कपाटं कन्नड पुस्तकांची, पाच मराठीची, एक लांब टेबल, आठ खुर्च्या आणि मी. ग्रंथपाल म्हणून मला तिथं चिकटून बरीच वर्षं झाली होती, आणि शिस्तीच्या बाबतीत मी कुणाची भीडभाड ठेवत नव्हते. नेम म्हणजे नेम, हे माझं पालुपद. एका पंचायत सदस्याला मोबाईलवर मोठ्यानं बोलतो म्हणून मी खोलीबाहेर काढलं होतं. महिनाभर त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मग बघायला लागला, कारण त्याच्या आईला पुस्तक हवं असायचं आणि ते न्यायला त्यालाच यावं लागायचं.

आमच्याकडं पुस्तक वाचायची रीत वेगळी आहे. जेवणं उरकली की गल्लीतल्या बायका कुणा एकीच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, सूप घेऊन जमतात. सुपात तंबाखू, पाण्यात भिजवून कापलेली पानं, दोऱ्याचं रीळ. सगळ्या विड्या वळतात आणि एकटी वाचते. वाचणारीचे हात पुस्तकात अडकलेले, म्हणून बाकीच्या प्रत्येकीनं चार-चार विड्या जास्त वळायच्या आणि तिच्या सुपात टाकायच्या. हा नेम कुणी लिहिला नाही आणि तो मोडल्याचं मी कधी ऐकलं नाही. माझी आईसुद्धा अशा एका सोप्यात बसायची. मी सहावी-सातवीत असताना तिथं वाचायला जायची आणि माझ्या वाट्याच्या विड्या तिच्या सुपात पडायच्या. मग मी शिकले, नोकरीला लागले, रजिस्टर आणि शिक्के हातात आले, आणि त्या सोप्यातल्या वाचनाला वाचन म्हणायचं मी सोडून दिलं. माझ्या हिशोबी वाचक तो, जो खुर्चीवर बसतो आणि रजिस्टरात सही करतो.

शिवाय या बायका नेम मोडायच्या. एकीनं सही करून न्यायचं आणि पुस्तक तीन गल्ल्यांत फिरायचं. दुपारी तळ्याकडच्या गल्लीत, उन्हं कलली की विहाराजवळच्या गल्लीत, दुसऱ्या दिवशी शाळेमागं. जिथं वाचन थांबलं तिथं प्रत्येक गल्ली आपला दोरा घालून ठेवायची. ज्या कारखान्याच्या विड्या, त्याच्या रंगाचा दोरा. तळ्याकडचा लाल, विहाराजवळचा हिरवा, शाळेमागचा पांढरा. एकाच पुस्तकात तीन रंगांचे दोरे लोंबताना दिसले की मला ते उघड उघड बेकायदेशीर वाटायचं.

मग वरून येणारं अनुदान आटत गेलं. पहिल्यांदा नवी पुस्तकं थांबली. ते फारसं कुणाला जाणवलं नाही, कारण सोप्यांत जुनीच पुस्तकं दुसऱ्यांदा चालली होती. त्यानंतर सहा पेपरांचे दोन झाले, आणि तिथं मात्र सकाळी येणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये ठिणगी पडली. दोन दिवस ओढाओढी चालली. तिसऱ्या दिवशी एका आप्पांनी तोडगा काढला. हे आप्पा जन्मभर एस.टी. चालवून रिटायर झालेले, आवाज हॉर्नसारखा. त्यांनी पेपरची पानं सुटी केली, प्रत्येकाला एक-एक दिलं आणि दर दहा मिनिटांनी ते ओरडायचे, "चला, पुढचा स्टॉप!" की सगळ्यांनी हातातलं पान उजवीकडच्याला द्यायचं. पेपर दोनच, पण एरवी पहिल्या पानापलीकडं न जाणारी माणसं आता बाजारभाव आणि शोकसंदेशसुद्धा वाचायला लागली.

तिसरी कपात झाडलोटीच्या बाईची झाली. तेव्हापासून केर मीच काढायला लागले, फक्त टेबलाखालची टोपली रिकामी करायचं माझ्या कधी लक्षात राहायचं नाही. ही टोपली लक्षात ठेवा.

आणि चौथ्या वेळी पत्रच आलं. कमी वाचक असलेल्या लायब्रऱ्या बंद करून त्यांची पुस्तकं तालुक्याला हलवायची होती. आमची लायब्ररी त्या यादीत होती. अमुक सोमवारी साहेब तपासणीला येणार, त्यांच्या शेऱ्यावर पुढचं ठरणार.

मी घाबरले. नोकरी जाईल ही भीती होतीच, नव्हती असं खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त मला ती रिकामी कपाटं दिसायला लागली. तालुक्याला जाऊन पुस्तक बदलून आणणारी एकही बाई आमच्या गावात नव्हती. एका पुस्तकासाठी अर्धा दिवस बुडवायचा तर त्या दिवसाच्या विड्या कोण वळणार? पुस्तकं गेली की सोपे मुके होणार हे मला कळत होतं. आणि गंमत अशी, की सोप्यांतलं वाचन मी तोवर वाचनात धरतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र टेबलावर ठेवलं. आप्पांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, तपासणीचं मला सांगू नका. आमच्या डेपोत सायेब यायचा म्हटलं की आदल्या दिवशी समद्या गाड्या धुऊन, पुसून, लायनीत उभ्या करायचो. एक गाडी कमी दिसली की मेमो. तुमी बी तसंच करा. समदी पुस्तकं जाग्यावर पायजेत. एक बी भाईर नको."

माझ्या स्वभावाला हा सल्ला इतका मानवला की मी क्षणभरही विचार केला नाही. सगळी पुस्तकं एकाच वेळी कपाटात बघायची माझी जुनी हौस होती. मी गल्लोगल्ली हुकूम सोडला, शनिवारपर्यंत प्रत्येक पुस्तक परत, पुसून, दोरे काढून, कव्हर घालून.

बायकांनी मनावर घेतलं. साहेब येणार म्हणजे गावाच्या अब्रूचा प्रश्न. खाकी कागद नव्हता म्हणून घरोघरच्या जुन्या कॅलेंडरांची पानं निघाली. पांढरी बाजू वर घेऊन कपाटातल्यांसकट शंभरावर पुस्तकांना कव्हरं बसली. काहींच्या कडेला देवाची पावलं दिसत होती, काहींच्या पाठीवर एकादशी. ज्यांना दोरे काढायचं सुचलं नाही त्यांचे मी ओढून काढले आणि टोपलीत टाकले.

सगळ्यात शेवटी तळ्याकडच्या गल्लीतली आक्का आली. सत्तरीच्या पुढची, अक्षरओळख नाही, पण तिच्या सोप्यातलं वाचन तिच्या शब्दाबाहेर चालायचं नाही. पुस्तक तिनं पदराखाली धरलं होतं.

"मंगळवारी देतो की गं बाई," ती म्हणाली. "आमचं निम्मं झालंय. नाव नदीच्या मधी आलीया."

ती एका नावाडीण बाईची कादंबरी होती. त्यांचं कुठंपर्यंत आलं आहे याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मी हात पुढं केला. "आक्का, नेम म्हणजे नेम."

तिनं पुस्तक दिलं, पण सोडलं नाही. "घे. दोरा तेवढा काढू नगोस. जागा हरवंल."

मी तिच्यासमोरच लाल दोरा ओढून काढला. आज हे लिहिताना मला माझी लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती, तेव्हा मी कपाटाकडं बघत होते.

सोमवारी साहेब आले ते बसनं, घामाघूम. त्यांची जीपही कपातीत गेली होती. चाळिशीचे, शांत, धारवाडकडचे असावेत, मराठी जपून बोलणारे. मी पाणी दिलं. आप्पा आणि त्यांची सकाळची मंडळी इस्त्रीचे शर्ट घालून टेबलाभोवती बसली होती आणि पेपरची पानं आज पहिल्यांदाच एकत्र घडी करून ठेवली होती.

साहेबांनी कपाटं बघितली. एक, दोन, सात. कॅलेंडरच्या कागदात पुस्तकं दाटीवाटीनं उभी. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक येईल म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले, "सगळी पुस्तकं इथंच?"

आप्पा छाती काढून उठले. "एक बी भाईर न्हाय सायेब! खात्री करून घ्या!"

"हौदा?" साहेब म्हणाले. म्हणजे, असं का? मग त्यांनी रजिस्टर उघडलं. दिवसाला सात-आठ सह्या, त्याही बहुतेक पेपर वाचणाऱ्यांच्या. पुस्तक नेल्याच्या नोंदी थोड्याच, ठरावीक चार-पाच नावांच्या. त्यांनी खिशाचं पेन काढलं आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाई, तुम्ही फार नीट ठेवलंय. पण गावात पुस्तक कोणी नेत नाही, असं दिसतं."

डेपोत सगळ्या गाड्या उभ्या म्हणजे रस्त्यावर एकही गाडी नाही, हे साधं गणित माझ्या डोक्यात त्या घडीला शिरलं. मी आप्पांकडं बघितलं. त्यांच्याही डोक्यात ते शिरलं होतं, कारण ते सावकाश खाली बसले.

शेरा लिहिण्याआधी नमुना म्हणून साहेबांनी एक पुस्तक काढलं, मध्येच उघडलं आणि शिंकले. लागोपाठ तीन वेळा. ते ठेवून दुसरं काढलं. पुन्हा शिंका. तिसरं पुस्तक त्यांनी लांब धरून उघडलं, पानांच्या सांध्यातली तांबूस भुकटी बोटावर घेतली, हुंगली आणि माझ्याकडं बघितलं. आम्ही पुस्तकं बाहेरून पुसली होती. आतली तंबाखू इतक्या वर्षांची, ती थोडीच एका शनिवारात निघते? रुमाल काढायला ते वाकले आणि त्यांना टेबलाखालची टोपली दिसली. काठोकाठ दोरे, लाल, हिरवे, पांढरे.

"हे काय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी गुन्हा कबूल करावा तसं सगळं सांगून टाकलं. एकीच्या सहीवर पुस्तक तीन गल्ल्यांत फिरतं, विड्या वळताना वाचतात, दोरे खुणेसाठी घालतात, मी हज्जार वेळा ओरडले तरी ऐकत नाहीत. बोलता बोलता माझा आवाज चढला. "पुस्तकं बाहेरच असतात साहेब. मीच मूर्ख, मी काढून घेतली."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "कुठं वाचतात? दाखवा."

तळ्याकडच्या सोप्यात अठरा बायका बसल्या होत्या. हात चालले होते आणि तोंडं बंद. मी आयुष्यात तो सोपा इतका गप्प बघितला नव्हता. साहेबांना बघून सगळ्या पदर सावरायला लागल्या, आक्का तेवढी हलली नाही. साहेब उंबऱ्यापाशी उभे राहून म्हणाले, "तुम्ही कोणती गोष्ट वाचत होता?"

एकीनं नावाडीण म्हटलं, दुसरीनं तिला दुरुस्त केलं, तिसरीनं दुसरीला, आणि शेवटी आक्कानं हातानं सगळ्यांना थांबवून सुरुवातीपासून सांगायला घेतलं. नदीकाठचं गाव, नवऱ्यामागं नाव चालवायला लागलेली बाई, तिचं घाटावरचं घर दस्त करून लाटणारा सावकार, बारा वर्षांनी एका पुराच्या दिवशी पलीकडं जायला आलेला एकटाच उतारू, आणि नाव मध्यावर गेल्यावर तिनं ओळखलेला त्याचा आवाज. एक अक्षर न वाचता येणाऱ्या त्या म्हातारीनं संवादांसकट सांगितलं. सावकाराचं बोलणं सावकारासारखं, बाईचं बाईसारखं. साहेब कधी पायरीवर बसले ते त्यांनाही कळलं नसावं. कुणीतरी त्यांच्या हातात दिलेला चहा गार झाला.

"नाव मधी," आक्का म्हणाली, "आन् तिच्या हातात वल्हं." आणि थांबली.

"मुंदे?" साहेबांच्या तोंडून त्यांची भाषा निघाली. पुढं काय, हे विचारलेलं सगळ्यांना कळलं. इथं कन्नड न कळणारं कोण होतं?

"पुढचं हिला इचारा," आक्कानं माझ्याकडं बोट केलं. "पुस्तक हिनं काढून न्हेलंय. दोरा बी काढला मेलीनं."

अठरा बायका हसल्या, साहेब हसले, आणि मी नेसत्या साडीचा काष्टा मारायचाच बाकी ठेवून लायब्ररीकडं पळत सुटले. पुस्तक घेऊन आले तर त्यांची नेहमीची वाचणारी मुलगी नेमकी निपाणीला गेलेली. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मग मीच भिंतीला टेकून बसले, तीस-पस्तीस वर्षांनी.

जागा सापडेना. मी अंदाजानं एक पान काढून वाचायला लागले. "हे झालंय," बायका हात न थांबवता म्हणाल्या. पुढची चार पानं सोडली. "हे बी झालंय." आणखी दोन. मी वाचत राहिले, कात्र्यांची कचकच चालू राहिली, आणि एका ओळीला ती अचानक थांबली. अठरा जणींचे हात जागच्या जागी. मी वर बघितलं नाही. जागा सापडली होती.

नावाडणीनं त्याला बुडवलं नाही. पलीकडच्या काठाला उतरवलं, त्यानं पुढं केलेलं नाणं घेतलं नाही, आणि सांगितलं की आता परत जायचं असेल तर पुलापर्यंत चालत जा, चार कोस आहे. सोप्यात अशी काही खुशी पसरली की कुणीतरी चक्क टाळी वाजवली. साहेबांची बस चुकली होती. आप्पांनी त्यांना स्वतः हायवेपर्यंत सोडलं आणि वाटेत डेपोच्या सल्ल्याबद्दल तीनदा माफी मागितली, असं साहेबांनीच मला पुढं सांगितलं.

निघण्याआधी ते मला म्हणाले होते, "ऐकणाऱ्यांचा रकाना फॉर्मात नाही. पण शेऱ्याची जागा मोठी आहे." आणि रजिस्टरात उद्यापासून ऐकणाऱ्यांची नावंही घ्या, हेही.

मी दुसऱ्याच दिवशी पट्टीनं रेघ मारून रकाना पाडला. पहिल्या आठवड्यात पानं पुरेनात. सह्या, अंगठे, एकीनं हौसेनं कन्नड आणि मराठी दोन्हीत केलेली सही. तळ्याकडच्या गल्लीतला पहिला अंगठा आक्काचा. तो उठवताना ती म्हणाली, "आता मी बी वाचणारीच की गं," आणि मला नाही म्हणता आलं नाही, म्हणायचंही नव्हतं.

नंतरचे दोन महिने मी पोस्टमनच्या सायकलीची घंटी ऐकली की उठून दारात जायची. पत्र आलं ते दुपारी. मी ते लायब्ररीत फोडलं नाही. कुलूप लावून सरळ तळ्याकडच्या सोप्यात गेले आणि आक्कासमोर बसले.

"वाच," ती म्हणाली.

सरकारी कन्नड, लांबलचक वाक्यं. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. नवी पुस्तकं नाहीत. पेपर दोनच. झाडलोटीची बाई नाही. आणि शेवटी, वाचकांची व श्रोत्यांची संख्या विचारात घेता सदर ग्रंथालय आहे त्या जागी चालू ठेवण्यात यावे. ही शेवटची ओळ बायकांनी मला दोनदा वाचायला लावली. मग तिसऱ्यांदा मी आपणहून वाचली, आणि वाचताना रडले.

उठायला लागले तर आक्कानं एक रिकामं सूप माझ्याकडं सरकवलं. रिकामं नव्हतं. त्यात विड्या होत्या, प्रत्येकीनं टाकलेल्या चार-चार.

"अहो, मी नुसतं पत्र वाचलं," मी म्हटलं. "मला काय करायच्यात?"

"वाचणारीच्या वाट्याच्या हायत त्या," आक्का म्हणाली. "नेम म्हंजे नेम."

विड्या मी पदरात घेतल्या आणि आप्पांना नेऊन दिल्या. संध्याकाळी पत्र फाइलला लावायला उघडलं, तर घडीतून तंबाखू टेबलावर सांडली आणि शेवटच्या ओळीपाशी एक लाल दोरा होता. कुणी कधी घातला, मला कळलं नव्हतं. मी पत्र झटकलं नाही. दोऱ्यासकट फाइलला लावलं.